खाड्याचे सहा शिलिंग

इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या पहिल्या हंगामाचा, म्हणजे १८९५-९६ चा, गुणतक्ता उघडला की सर्वांत वर मॅनिंगहॅम हे नाव दिसते. ४२ सामने, ३३ विजय, ९ पराभव, बरोबरी एकही नाही, गुण ६६. त्याखाली हॅलिफॅक्स. ३० विजय, ७ पराभव, ५ बरोबरी, गुण ६५. हॅलिफॅक्स हरले कमी, पण बरोबरीत अडकले. त्या पाचांतला एक सामना जरी त्यांनी खिशात घातला असता, तरी दोघांचे गुण सारखे झाले असते. विगन, लीड्स, सेंट हेलेन्स, वॉरिंग्टन ही नावे रग्बी लीग पाहणाऱ्याला आजही पाठ असतात. हे सगळे संघ त्या हंगामात होते आणि मॅनिंगहॅमच्या खाली होते. ब्रॅडफर्ड शहराच्या एका भागाचा हा संघ पहिला विजेता ठरला आणि पुढच्या सात वर्षांत त्याने रग्बीच सोडून दिली.

या हंगामाची गोष्ट एरवी फार सुटसुटीतपणे सांगितली जाते. दक्षिणेतले साहेब एका बाजूला, उत्तरेतले गिरणी कामगार आणि खाणकामगार दुसऱ्या बाजूला. कामगारांनी बंड केले आणि त्यातून वेगळा खेळ जन्मला. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. बंडाचा झेंडा उचलला तो क्लब चालवणाऱ्यांनी. त्यांत व्यापारी होते, कारखानदार होते, दारूचे गुत्ते चालवणारे होते. त्यांचा हिशेब आणि खेळाडूंचा हिशेब काही काळ जुळला, एवढेच. तो किती जुळला आणि कुठे फसला, हे या एका हंगामात आणि त्याच्या पुढच्या दहा वर्षांत स्वच्छ दिसते.

आपल्याकडे रग्बी म्हटले की पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात चाललेला खेळ आठवतो. ती रग्बी युनियन. एका बाजूला १५ खेळाडू. रग्बी लीग तिची सख्खी बहीण, पण तिच्यात खेळाडू १३ आणि नियम बरेच निराळे. १८९५ पर्यंत हे दोन खेळ नव्हते. लंडनमध्ये १८७१ साली २१ क्लबांनी मिळून रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली होती आणि इंग्लंडभर तिचाच शब्द चालत होता. युनियनची सूत्रे पब्लिक स्कूलमध्ये शिकलेल्या, पोटापाण्याची ददात नसलेल्या मंडळींच्या हातात होती. खेळ मात्र त्यांच्या हातात राहिला नव्हता. तो उत्तरेतल्या यॉर्कशर आणि लँकेशर या काउंटींच्या, म्हणजे परगण्यांच्या, गिरणगावांत, कोळशाच्या खाणींच्या वस्त्यांत जाऊन रुजला होता.

तो तिथे रुजला याला शनिवार कारणीभूत. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले, नंतरच्या कायद्यांनी ती वेळ आणखी अलीकडे आणली. हातात दुपार आली आणि तिच्याबरोबर तिसऱ्या प्रहरीचा सामना आला. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्यातून रविवारची एक हक्काची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले, तेही नारायण मेघाजी लोखंड्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले तेव्हा. यॉर्कशरच्या कामगाराला तोवर रविवार तर होताच, वर शनिवारची दुपारही होती. १८७७ मध्ये यॉर्कशर कप सुरू झाला आणि पहिला कप हॅलिफॅक्सने नेला. त्यानंतर गावागावांत रग्बीचे वेड पसरले. सामन्याला हजारोंनी माणसे येऊ लागली, दारावर पैसे घेतले जाऊ लागले, लाकडी गॅलऱ्या उभ्या राहिल्या.

दुपार मोकळी होती, मग भांडण कशाचे? सकाळचे. सामना दुसऱ्या गावात असला की गाडी सकाळीच पकडावी लागे, म्हणजे अर्ध्या दिवसाचा रोज बुडे. कपाचा सामना बरोबरीत सुटला की तो पुन्हा आठवड्याच्या मधल्या वारी खेळवला जाई. काउंटीचे सामने कामाच्या दिवशी होत. दक्षिणेत खेळायला जायचे तर दोन-तीन दिवस मोडले. खाणकामगाराच्या पाळ्या कुठल्या मैदानाकडे बघून लागत नसत. दक्षिणेतला वकील किंवा शेअर दलाल शुक्रवारी संध्याकाळीच निघाला तरी त्याच्या घरात काही बिघडत नसे. खाणीतल्या माणसाचा खाडा म्हणजे त्या आठवड्याच्या वाण्याच्या उधारीत भर. आणि ज्याच्या खेळावर गॅलरी भरते, दारावर पैशांची रास पडते, तोच घरी जाताना खिशाने हलका, हे त्यालाही कळत होते.

पैसे दिले जात नव्हते असे नाही. ते चोरून दिले जात. कुणाला क्लबच्या पदाधिकाऱ्याच्या कारखान्यात हलके काम मिळे, कुणाला गुत्ता चालवायला मिळे, कुणाच्या बुटात नाणी सापडत. वेकफील्ड ट्रिनिटीचा टेडी बार्ट्रम हा नावाजलेला खेळाडू कागदोपत्री क्लबचा सहायक चिटणीस होता आणि त्याबद्दल त्याला वर्षाला ५२ पाउंड मिळत. १८८९ मध्ये त्याला व्यावसायिक ठरवून कायमचे बाहेर काढले.

बंदी घालणारा नियम आला होता १८८६ मध्ये, आणि तो शेजारच्या घराकडे बघून आला होता. फुटबॉलवाल्यांनी १८८५ मध्ये व्यावसायिकता मान्य केली होती. त्याआधीच, १८८३ च्या एफए कपाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या लँकेशरच्या कामगारांच्या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला हरवले होते. त्यानंतर पब्लिक स्कूलवाल्यांचा कुठलाही संघ तो कप जिंकू शकला नाही. रग्बीतही हेच होणार, ही भीती युनियनला होती आणि ती निराधार नव्हती. काउंटी अजिंक्यपद १८८९ ते १८९६ या आठ वर्षांत सात वेळा यॉर्कशरने आणि एकदा लँकेशरने जिंकले. दक्षिणेच्या वाट्याला काहीही आले नाही.

डिकी लॉकवुडची हकिगत या काळाचा सगळा पीळ दाखवते. उंचीने जेमतेम सव्वापाच फुटांचा हा मजूर ड्यूजबरीकडून सोळाव्या वर्षी खेळायला लागला आणि थोड्याच काळात इंग्लंडच्या संघात गेला. १८८९ मध्ये तो हेकमंडवाइक क्लबकडे गेला तेव्हा पैसे घेऊन गेला असा आरोप झाला. यॉर्कशरच्या समितीने त्याची तीन दिवस चौकशी केली. त्याच्या कामाबद्दल, कमाईबद्दल, घराबद्दल प्रश्न विचारले. एखाद्या फौजदारी खटल्यातल्या आरोपीला विचारावेत तसे. बाहेर शेकडो लोक निकालाची वाट बघत उभे होते. तो निर्दोष सुटला तेव्हा त्यांनी त्याला खांद्यावर घेतले. १८९४ मध्ये बर्कनहेड इथे त्याच लॉकवुडच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने वेल्सला २४-३ असे लोळवले. इंग्लंडचा कर्णधार होण्याइतका तो मोठा होता, पण बुडालेला रोज उघडपणे मागण्याइतका नव्हता.

मागणी रीतसर मांडली गेली ती २० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात, युनियनच्या सर्वसाधारण सभेत. यॉर्कशरच्या जेम्स मिलर यांनी ठराव मांडला, मार्क न्यूसम यांनी अनुमोदन दिले. ठराव अगदी नेमस्त होता: खेळाडूचा खरोखर जेवढा रोज बुडाला असेल तेवढा भरून देण्यास परवानगी असावी. पगार नको, बक्षीस नको. उत्तरेचे प्रतिनिधी खास गाडीने लंडनला आले होते. दक्षिणेनेही तयारी करून ठेवली होती. लेनॉक्स या क्लबच्या एच. ई. स्टीड यांच्या एकट्याच्या खिशात इतर क्लबांची १२० मुखत्यार मते होती. विल्यम केल यांनी उपसूचना मांडली की हे तत्त्वच खेळाच्या हिताच्या आणि वृत्तीच्या विरुद्ध आहे. ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी मंजूर झाली. मुखत्यार मते बाजूला काढली असती तर निकाल इतका एकतर्फी खचितच झाला नसता.

हौशीपणाची ही तत्त्वनिष्ठा दुसऱ्या मैदानावर कशी वागत होती, तेही बघण्यासारखे आहे. १८९५ च्या उन्हाळ्यात क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस सत्तेचाळीस वर्षांचे झाले. त्यांनी मे महिन्यात हजार धावा काढल्या, शंभरावे शतक पूर्ण केले आणि सगळा देश वेडा झाला. डेली टेलिग्राफने वाचकांकडून एकेक शिलिंग मागून निधी उभा केला, इतरांनीही थैल्या जमवल्या; सगळे मिळून ग्रेसना नऊ हजार पाउंडांहून अधिक रक्कम अर्पण झाली. ग्रेस कागदोपत्री शेवटपर्यंत हौशी खेळाडू, म्हणजे जंटलमन. क्रिकेटचे नियम वेगळे होते हे मान्य. तरी हिशेब करण्याचा मोह आवरत नाही. उत्तरेतले क्लब पुढच्या काही महिन्यांत जो सहा शिलिंगांचा खाडा भरून देणार होते, तसे तीस हजार खाडे त्या थैलीतून भागले असते.

१८९३ नंतर युनियनने चौकशांचा सपाटा लावला. हडर्सफील्ड क्लबला कंबरलंडचे दोन खेळाडू फूस लावून आणल्याबद्दल निलंबित केले. त्यामागे होते रेव्हरंड फ्रँक मार्शल, जवळच्याच अल्मंडबरीच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि हौशीपणाचे कट्टर राखणदार. पुढच्या वर्षी लँकेशरमध्ये ली, सॅल्फर्ड, विगन यांच्यावर पाळी आली. निलंबन म्हणजे सामने बंद, सामने बंद म्हणजे दारावरचे पैसे बंद. क्लबांच्या कर्जाला ते परवडणारे नव्हते.

इथे एक गोष्ट बहुतेक सांगणारे वगळतात. फुटीचा शेवटचा धक्का केवळ मजुरीच्या प्रश्नाने बसला नाही. यॉर्कशरच्या बड्या क्लबांनी १८९२ मध्ये आपली वेगळी सीनियर स्पर्धा सुरू केली होती. खालच्या गटातला विजेता वर यावा आणि वरच्या गटातला तळाचा संघ खाली जावा, असा आग्रह काउंटी संघटनेने धरला. बड्यांनी तो साफ धुडकावला. वर्षभर हमखास गर्दी खेचणारे ठरावीक प्रतिस्पर्धी त्यांना हवे होते. एखाद्या खेड्याचा संघ वर आला तर गॅलरी रिकामी राहील ही धास्ती. म्हणजे ज्या हाताने ते युनियनकडे न्याय मागत होते, त्याच हाताने धाकट्या क्लबांच्या तोंडावर दार लावत होते. हे ध्यानात ठेवले की पुढचे बरेच काही समजते.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी संध्याकाळी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली. हॉटेल रेल्वे स्थानकाला लागूनच. यॉर्कशर आणि लँकेशर यांच्यामध्ये पेनाइन डोंगररांग आडवी येते, आणि तिच्या दोन्ही अंगांच्या मंडळींना गाडीने सोयीचे पडेल असे गाव हडर्सफील्ड. वीस क्लबांनी रग्बी युनियनचा राजीनामा देऊन नॉर्दर्न रग्बी फुटबॉल युनियन स्थापण्याचे ठरवले. तत्त्व एकच, प्रत्यक्ष बुडालेल्या रोजाची भरपाई. स्टॉकपोर्टला त्याच संध्याकाळी टेलिफोन करून विचारले आणि त्यांनी होकार दिला, म्हणून एकवीस. ड्यूजबरीचे प्रतिनिधी हजर होते, पण त्यांनी निर्णय पुढे ढकलला आणि शेवटी काढता पाय घेतला. त्यांची जागा रनकॉर्नने भरली आणि बावीस झाले. अध्यक्ष ब्रिगहाउस रेंजर्सचे एच. एच. वॉलर, चिटणीस ओल्डहॅमचे जोसेफ प्लॅट. भरपाईची कमाल मर्यादा ठरली दिवसाला सहा शिलिंग. साध्या मजुराची आठवड्याची कमाई तेव्हा पाउंडाच्या, म्हणजे वीस शिलिंगांच्या, आसपास असे. कसबी खाणकामगाराला चांगल्या दिवसात सहा शिलिंग रोज पडत असे. थोडक्यात, क्लबांनी कुणाला श्रीमंत करायचे ठरवले नव्हते.

नऊच दिवसांत, शनिवार ७ सप्टेंबरला, हंगाम सुरू झाला. लीड्सने लीच्या मैदानावर जाऊन ६-३ असा सामना घेतला, बॅटलीने हलला ७-३ ने हरवले. आकडे बघूनच खेळाचा अंदाज येतो. नियम जुनेच होते. एका बाजूला पंधरा जण, त्यातले बहुतेक फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचे, सतत स्क्रममध्ये, म्हणजे रेटारेटीच्या ढिगात, डोके घालून. वीसेक तगडी माणसे एकमेकांना रेटतायत, त्यांच्या अंगातून थंडीत वाफ निघतेय, चेंडू कुठेतरी त्यांच्या पायांत आहे आणि प्रेक्षकाला तो दिसत नाही. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट, म्हणजे दोन्ही संघांच्या रांगांमध्ये चेंडू आत फेकायचा, आणि पुन्हा तोच ढीग. विजेत्या मॅनिंगहॅमने ४२ सामन्यांत मिळून ३६७ गुण केले; म्हणजे सामन्याला सरासरी नऊही नाहीत. ओल्डहॅमच्या जॅक हर्स्टने हंगामात २८ ट्राय केले, म्हणजे तितक्यांदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, ते अशा बोजड खेळात केले हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या पायांची तारीफ करावीशी वाटते.

आता सामन्यांचा हिशेब करू. बावीस क्लब, प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक, म्हणून ४२ सामने. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलअखेरपर्यंत शनिवार येतात ३४. उरलेले आठ सामने कुठे बसवायचे? नाताळ, नवीन वर्ष, ईस्टर यांच्या सुट्ट्या खाऊन, आणि त्यातूनही राहिले तर आठवड्याच्या मधल्या वारी. मैदान गोठले, सामना रद्द झाला की तोही पुढे मधल्याच वारी. शिवाय एकवीस वेळा परगावी जायचे, त्यातले निम्मे प्रवास डोंगरापलीकडचे. म्हणजे खाडा भरून देण्यासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेने पहिल्याच वर्षी खाडे वाढवले! क्लबांना जास्त सामने हवे होते, कारण सामना म्हणजे दारावरचा पैसा. हाल झाले ते लहान क्लबांचे. तळाला राहिलेल्या रॉचडेल हॉर्नेट्सने ४२ पैकी ४ सामने जिंकले. हरणाऱ्या संघाला बघायला कोण येणार? आणि रेल्वेचे भाडे तर विजेत्याइतकेच.

या सगळ्यात मॅनिंगहॅम पुढे निघाले कसे? ब्रॅडफर्डमध्ये रग्बीची दोन घराणी होती. पार्क अव्हेन्यूवरचा ब्रॅडफर्ड क्लब श्रीमंत, जुना, शहरातल्या बड्या लोकरी व्यापाऱ्यांच्या ऊठबशीचा. मॅनिंगहॅम क्लब १८८० चा, धाकटा. १८८६ मध्ये त्यांनी व्हॅली परेडला, टेकडीच्या उतारावर, मैदान तयार केले. वस्तीवर छाया होती ती सॅम्युअल कनलिफ लिस्टर यांच्या मॅनिंगहॅम मिलची. रेशीम आणि मखमल विणणारी ही अवाढव्य गिरणी. तिची २४९ फुटी चिमणी शहरात दूरवरून दिसते. डिसेंबर १८९० मध्ये अमेरिकेने जकात वाढवल्याचे कारण सांगून लिस्टरनी मजुरीत जबर कपात जाहीर केली. काहींच्या मजुरीचा तिसरा हिस्सा जाणार होता. सुमारे पाच हजार कामगार संपावर गेले. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुली. भर हिवाळ्यात एकोणीस आठवडे संप चालला. शहरात दंगे झाले, सैन्य आले, आणि एप्रिल १८९१ मध्ये उपासमारीपुढे कामगारांनी हात टेकले. संप फसला, पण ती ठिणगी विझली नाही. जानेवारी १८९३ मध्ये याच ब्रॅडफर्डमध्ये, केअर हार्डी यांच्या अध्यक्षतेखाली, इंडिपेंडंट लेबर पार्टीची स्थापना झाली. मजुरी, वेळ, रोज हे शब्द तिथल्या हवेतच होते. मॅनिंगहॅमचे खेळाडू लाल झेंडा घेऊन मैदानात उतरत होते असे मला म्हणायचे नाही. क्लबच्या समितीत गिरणीवालेही असतील, गुत्तेवालेही. पण त्या गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला सहा शिलिंगांचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

संघात एकटा कुणी चमकणारा राजा नव्हता. आघाडीची फळी दमदार, बचाव घट्ट. ४२ सामन्यांत त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना १५८ गुण करू दिले, म्हणजे सामन्याला चारही नाहीत. मागे फुलबॅक जॉर्ज लॉरिमर. त्याची लाथ बसली की गोल ठरलेला. सामन्यामागे नऊ गुण होणाऱ्या खेळात असा एक माणूस म्हणजे अर्धा विजय. यॉर्कशरचे अजिंक्यपदही मॅनिंगहॅमनेच नेले, लँकेशरचे रनकॉर्नने. लॉरिमर मात्र १८९७ मध्ये विषमज्वराने गेला, ऐन तारुण्यात.

लॉकवुडचे काय झाले? तो वेकफील्ड ट्रिनिटीकडून नव्या संघटनेत आला. जानेवारी १८९७ मध्ये इंग्लंडच्या या माजी कर्णधाराचे दिवाळे वाजले आणि घरातले सामान विकायला निघाले. सहा शिलिंगांनी त्याला वाचवले नाही.

युनियनने आपल्या बाजूने दारे घट्ट लावून घेतली. उत्तरेच्या क्लबाशी खेळणारा, त्याच्याबरोबर खेळणारा, त्याने पैसे घेतले असोत वा नसोत, कायमचा बाद. फुटीपूर्वी युनियनकडे ४८१ क्लब होते. दहा वर्षांत २४४ उरले. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची तर रयाच गेली. १८९२ मध्ये एकही गुण न देता जिंकलेले चार देशांचे अजिंक्यपद पुन्हा निर्विवाद मिळायला १९१० साल लागले. तरी युनियनचा हट्ट शंभर वर्षे टिकला. ऑगस्ट १९९५ च्या अखेरीस, जॉर्ज हॉटेलच्या बैठकीची शताब्दी दोन-तीन दिवसांवर आली असताना, आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने खेळाडूंना पैसे देण्यावरची बंदी उठवली. शतकभर लोकांना बहिष्कृत करून शेवटी तेच केले. जगात दुटप्पीपणाचे नमुने पुष्कळ आहेत, पण इतका दीर्घायुषी विरळा.

उत्तरेकडे बावीस क्लबांची एक लीग एका हंगामातच गुंडाळली गेली. प्रवासखर्च पेलेना, १८९६-९७ पासून यॉर्कशर आणि लँकेशरच्या वेगळ्या लीगा झाल्या. त्या बदल्यात चॅलेंज कप आला आणि पहिला अंतिम सामना २४ एप्रिल १८९७ रोजी लीड्सच्या हेडिंग्लीवर बॅटलीने सेंट हेलेन्सविरुद्ध १०-३ असा जिंकला. तेरा हजारांहून अधिक माणसे आली होती. खेळ बघण्याजोगा करण्यासाठी लाइनआउट काढून टाकली, आणि १९०६ मध्ये पंधराचे तेरा झाले. आजची रग्बी लीग खऱ्या अर्थाने तिथे सुरू होते. नाव बदलले ते आणखी उशिरा, १९२२ मध्ये.

पैशाची भीड मोडायला १८९८ उजाडले. त्या वर्षी उघड व्यावसायिकता मान्य झाली, पण अट बघा: खेळाडूकडे दुसरी पोटाची नोकरी असलीच पाहिजे. तीही समितीला पसंत पडेल अशी. बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणारा, गुत्त्यातला वाढपी, सट्टेबाजाचा नोकर हे चालणार नाहीत. नोकरी सुटली तर दुसरी मिळेपर्यंत खेळही बंद. ज्यांनी लंडनच्या साहेबांवर खेळाडूंच्या खाजगी आयुष्यात नाक खुपसल्याचा आरोप केला, तेच आता कामगाराच्या हजेरीपटाची तपासणी करू लागले. ही कलमे १९०५ मध्ये रद्द झाली. बंड करणाऱ्यांच्या मनातही कामगार खेळाडूविषयीचा संशय साहेबांइतकाच मुरलेला होता, असेच मी यावरून समजतो.

आणि मॅनिंगहॅम. १९०१ मध्ये चौदा बड्या क्लबांनी पुन्हा एकदा आपली वेगळी लीग काढली, जास्त गर्दीची, जास्त फायद्याची. पहिल्या हंगामाच्या विजेत्याला तीत घेतले नाही. १८९५ पूर्वी खालच्यांसाठी दार लावण्याची जी रीत बड्यांनी घालून दिली, त्या रांगेत मॅनिंगहॅमही होते. आता तेच दाराबाहेर. दुसऱ्या दर्जाच्या सामन्यांना गर्दी आटली, कर्ज चढले. पैसे उभारायला तिरंदाजीचे सामने भरवून पाहिले. याच सुमारास फुटबॉलवाल्यांना रग्बीच्या या बालेकिल्ल्यात शिरायचे होते आणि व्हॅली परेडसारखे तयार मैदान त्यांना हवेच होते. २९ मे १९०३ रोजी सभासदांची बैठक झाली. ७५ विरुद्ध ३४ मतांनी रग्बी सोडून फुटबॉल स्वीकारण्याचे ठरले. चार वर्षांनी शहरातला तो दुसरा, श्रीमंत ब्रॅडफर्ड क्लबही त्याच वाटेने गेला. ज्यांना ते पटले नाही त्यांनी ब्रॅडफर्ड नॉर्दर्न नावाने रग्बी चालू ठेवली.

मॅनिंगहॅमचा झाला ब्रॅडफर्ड सिटी. एकही सामना खेळण्यापूर्वी फुटबॉल लीगने त्याला दुसऱ्या विभागात घेतले. १९११ मध्ये त्याने एफए कप जिंकला, आणि तो नवा कोरा कप घडवला होता ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी या जवाहिऱ्यांनी. रग्बीचा चॅलेंज कपही त्यांच्याच हातचा. संघ आजही व्हॅली परेडवरच खेळतो, मॅनिंगहॅमच्याच गर्द लाल आणि अंबर रंगांत.